पाणीपट्टी, ड्रेनेजचं बिल आणि वाढत्या गावाची उधारी

दरवाढ लागू झाली की पुढच्या दोन-तीन दिवसांत काय होतं हे मला पाठ आहे. काउंटरसमोर रांग, प्रत्येकाच्या एका हातात जुनं बिल, दुसऱ्या हातात नवीन, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, पाणी तर तेवढंच येतंय मग पैसे जास्त कसले घेताय. वीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या हिशेबाच्या टेबलावर बसले, त्यामुळे हा प्रश्न हजारदा ऐकलाय. पण एक बाई अजून डोळ्यासमोरून जात नाहीत. त्या वर्षभराची बिलं पंच करून फाइलला लावून आल्या होत्या. घरातले गळके नळ बदलले, फ्लशची टाकी दुरुस्त केली, कपडे धुतलेलं पाणी बाथरूम धुवायला वापरलं, आणि वापर खरंच जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाला होता, मीटरचं रीडिंग समोर दिसत होतं. तरी बिल वाढलेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, आम्ही पाणी वाचवलं त्याची शिक्षा का?"

मी म्हणाले, नवीन दर लागू झालेत. खरं तर हे काही उत्तर नव्हतं. त्यांनाही ते कळलं, मलाही कळलं, आणि त्या फाइल घेऊन निघून गेल्या. तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आज लिहितेय. लांबेल, कारण दोन वाक्यांत संपणारं ते उत्तरच नाहीये.

आपण बिल भरतो ते पाण्याचं, असं आपल्याला वाटतं कारण बिलावर युनिट लिहिलेले असतात. पण पाणी ही वस्तू त्या बिलातला छोटासा भाग आहे. खरा खर्च आहे तो धरणापासून किंवा नदीपासून घरापर्यंतच्या पाइपांचा, शुद्धीकरण केंद्राचा, उंच टाक्यांचा, पंपांचा, चोवीस तास शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसांचा आणि हे सगळं बांधायला काढलेल्या कर्जाच्या हप्त्यांचा. यातलं बहुतेक सगळं तुम्ही एक बादली वापरा नाहीतर दहा, तेवढंच राहतं. गावाने मिळून पाणी वाचवलं तर वीज थोडी कमी लागते, ब्लीचिंग-क्लोरीन, तुरटी थोडी कमी लागते, बस्स. पाइप तेवढाच लांब राहतो आणि कर्जाचा हप्ताही तेवढाच. आणि दर मात्र युनिटवर लावलेला, म्हणजे वसुली घटते आणि खर्च जागच्या जागी. मग पुढच्या वर्षी युनिटचा दर वाढवावा लागतो. त्या बाईंची चूक काहीच नव्हती, आमच्या दराची रचनाच अशी होती की वाचवणाऱ्याला ती उलटी लागते.

हे छोट्या गावातच होतं असंही नाही. केपटाऊनला २०१८ मध्ये दुष्काळात नळ बंद करायची वेळ आली होती, तो "डे झिरो" सगळ्यांना आठवत असेल. लोकांनी कमाल केली, शहराचा वापर काही वर्षांपूर्वीच्या तुलनेत निम्म्याखाली आणला. आणि त्याबरोबर पालिकेचं उत्पन्नही आटलं. मग जुलै २०१८ पासून त्यांनी बिलात एक ठरावीक आकार घातला, घरच्या मीटरच्या आकारमानावर, पाणी कितीही वापरा तरी तो द्यायचाच. लोक प्रचंड चिडले आणि मला त्यांचा राग समजतो. पण निदान त्यामुळे बिलावर खरं काय ते छापलं गेलं, की जोडणी असणं हाच एक खर्च आहे. हे आधी, शांततेच्या काळात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. संकटात सांगितलं की त्याला दंडाचा वास येतो.

आता विजेचं घ्या, कारण चालू खर्चातला मोठा आकडा तोच. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. एक टन वजन १०० मीटर वर चढवायला थिअरीप्रमाणे पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते, पण पंप आणि मोटर मिळून ६० टक्के कार्यक्षमता धरली (जुन्या पंपांची तेवढीही नसते) तर साधारण ०.४५ युनिट. ५० हजार वस्तीचं गाव, माणशी रोज १०० लिटर, म्हणजे रोज ५० लाख लिटर, म्हणजे २,२५० युनिट रोज नुसतं पाणी वर चढवायला. आणि समजा वाटेत ४० टक्के गळतंय, तर ५० लाख लिटर घरात पोचवायला ८३ लाख लिटरच्या वर चढवावं लागतं, म्हणजे ३,७५० युनिट. रोजचे १,५०० युनिट मातीला पाणी पाजायला जातात, आणि ते पाणी आधी गाळलेलं, क्लोरीन टाकलेलं असतं. मी हा हिशेब दरवर्षी करायचे आणि दरवर्षी पोटात कालवायचं.

म्हणूनच "आधी गळती थांबवा, मग दर वाढवा" असं कोणी ओरडलं की मी त्याला विरोधक समजत नाही. त्याचं अर्धं बरोबरच आहे. कंबोडियातल्या नॉमपेन्हचं उदाहरण पाणी खात्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. १९९३ मध्ये तिथल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाणी हिशेबातच येत नव्हतं, काही गळत होतं, काही चोरीला जात होतं, काहींना बिलच जात नव्हतं. एक सोन चान नावाचे अधिकारी त्या वर्षी तिथल्या पाणी प्राधिकरणाचे प्रमुख झाले. त्यांनी जोडणी-जोडणीला मीटर बसवले, ग्राहकांची यादी नव्याने केली, पैसे खाणाऱ्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं, आणि मोठी माणसं, लष्करातली माणसं, सरकारी ऑफिसं सगळ्यांना बिल भरायला लावलं. आणि १९९७ मध्ये दरही वाढवले! तीन टप्प्यांत वाढ करायचं ठरलेलं, पण वसुली इतकी सुधारली की तिसरा टप्पा लागलाच नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते ७२ टक्के ६ टक्क्यांच्या आसपास आले आणि शहराला चोवीस तास पाणी मिळायला लागलं. २००६ मध्ये सोन चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं तर तो तिसरा टप्पा. लोकांना सांगितलं होतं की तीनदा वाढणार, आणि गरज उरली नाही म्हणून दोनदाच वाढवले. असं एकदा जरी झालं ना, तर पुढची पन्नास वर्षं लोक त्या ऑफिसवर विश्वास ठेवतील. पण त्याच उदाहरणातली दुसरी गोष्टही सोडून चालणार नाही, गळती काढायला मीटर लागतात, व्हॉल्व लागतात, रात्री दोन ते चारमध्ये जेव्हा कोणी पाणी वापरत नसतं तेव्हा लाइनमधून किती पाणी वाहतंय ते मोजणारी माणसं लागतात, कारण त्या वेळेला जे वाहतं ते बहुतेक गळतीच असते, आणि या सगळ्याला आधी पैसा लागतो. दर गोठवून ठेवायचा आणि गळती का थांबत नाही म्हणायचं, हे दोन्ही एकदम जमत नाही. दरवाढ आणि गळतीचं काम हातात हात घालून चालायला हवं, आणि दोन्हीचे आकडे लोकांना दिसायला हवेत.

आता मुद्द्यावर येते. वाढत्या गावाचा आजार वेगळा असतो आणि तो बाहेरून तब्येत चांगली असल्यासारखा दिसतो.

गाव वाढत असतं तेव्हा नवीन इमारती, नवीन प्लॉट, नवीन नळजोडण्या. प्रत्येक नवीन जोडणीमागे एकदाच भरायची फी येते, मोठ्या प्रकल्पांकडून विकास शुल्क येतं. ही रक्कम मोठी असते. आणि ती येते पण त्याच वर्षी काही नवीन टाकी बांधायची नसते, कारण टाकीला, मुख्य लाइनला, शुद्धीकरण केंद्राला टप्प्याटप्प्याने हात घालावा लागतो, दहा-पंधरा वर्षांतून एकदा. मग तो पैसा खात्यात दिसतो. आणि चालू खर्चाला तूट असते. पगार द्यायचेत, वीजबिल भरायचंय. कोणीतरी म्हणतं यंदा पाणीपट्टी नको वाढवूया, जोडणी फीमधून भागतंय की. आणि खरंच भागतं. पुढच्या वर्षीही भागतं. नवीन लोक येत राहतात, त्यांच्या एकरकमी पैशांवर जुन्या लोकांचं रोजचं पाणी स्वस्त राहतं. सभागृहात सगळे खूश, रस्त्यावर सगळे खूश, आणि मी स्वतः असे ताळेबंद जुळवलेत, खाली लाल रेघ मारून सह्या केल्यात, त्यामुळे हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

कारण तो पैसा नवीन टाकीचा होता. नवीन लोकांनी दिलेला, त्यांना पाणी पुरवण्याची ताकद उभी करायला. तो आपण खाऊन टाकला.

पुढे दोन गोष्टी एकदम होतात. एक म्हणजे वाढ मंदावते, ती कधीतरी मंदावतेच, आणि फीचा ओघ आटतो, पण पगार आणि वीजबिल आटत नाही. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. जे गाव पंधरा वर्षांत झपाट्याने वाढलं त्याचे पाइपही त्याच पंधरा वर्षांत घातलेले असतात, म्हणजे ते म्हातारेही एकदमच होतात. जुन्या, सावकाश वाढलेल्या गावात दरवर्षी थोडे थोडे पाइप बदलायला येतात. झपाट्याने वाढलेल्या गावात तीस-चाळीस वर्षं काहीच होत नाही आणि मग एकदम सगळीकडून फुटायला लागतं. पंप तर त्याच्या आधीच, पंधरा-वीस वर्षांत. आणि मीटर त्याच्याही आधी, आणि मीटर म्हातारा झाला की तो बंद नाही पडत, तो हळू फिरतो, म्हणजे वापर कमी दाखवतो, म्हणजे उत्पन्न गुपचूप गळतं. या झिजेला हिशेबात घसारा म्हणतात. खाजगी कंपनीला तो दाखवावा लागतो. बऱ्याच पालिकांच्या पाण्याच्या हिशेबात तो कागदावर असतो पण त्यापोटी पैसा बाजूला काढलेला नसतो, आणि मग "यंदा पाणीपुरवठा नफ्यात" अशी बातमी येते.

वाढ थांबल्यावर नाही तर उलटी फिरल्यावर काय होतं ते अमेरिकेतल्या फ्लिंटमध्ये दिसलं. १९६० साली तिथे जवळजवळ दोन लाख लोक होते, मोटारीचे कारखाने जोरात होते. २०१० पर्यंत ते लाखाच्या आसपास आले. पाइप मात्र दोन लाख लोकांसाठी घातलेले, तेवढेच लांब, तेवढेच रुंद. अर्ध्या लोकांवर पूर्ण जाळ्याचा खर्च, म्हणून दर देशातल्या सर्वात जास्त दरांमध्ये गेले, गरीब गावात. आणि मग पैसे वाचवायला एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पाइप गंजू नयेत म्हणून टाकायचं रसायन टाकलं नाही, आणि जुन्या जोडण्यांमधलं शिसं मुलांच्या पोटात गेलं. त्या सगळ्याला दर हे एकच कारण नाही, निर्णय घेणाऱ्यांची बेफिकिरी मोठी आहे. पण वाढीच्या वर्षांत पुढचा विचार न करता जाळं पसरवायचं आणि त्याचा बोजा कोणावर पडेल हे पुढच्यांवर सोडायचं, त्याचं टोक तिथे बघायला मिळतं.

दर गोठवून ठेवण्याचा हिशेब एकदा मांडून दाखवते, हा मी स्वतः कागदावर केलेला आहे. समजा आज वसुली आणि खर्च बरोबर जुळतात. खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतोय, महागाई, पगार, वीज सगळं धरून. दर तसाच ठेवला. १२ वर्षांनी खर्च दुप्पट झालेला असतो. म्हणजे त्या दिवशी दर १०० टक्के वाढवावा लागतो, आणि तेव्हा पेपरात "पाणीपट्टी दुप्पट" अशी हेडलाइन येते आणि मोर्चा निघतो. पण खरी वाईट गोष्ट हेडलाइनमध्ये येत नाही. त्या १२ वर्षांत दरवर्षी जी तूट साठली तिची बेरीज केली तर आजच्या जवळजवळ ६ वर्षांच्या वसुलीएवढी होते. सहा वर्षं! दर दुप्पट करूनही ते परत येत नाहीत, दुप्पट दर फक्त इथून पुढचं भागवतो. ते सहा वर्षांचे पैसे कुठून आले असतील? न बदललेल्या पाइपांतून, न केलेल्या दुरुस्त्यांतून, जोडणी फीच्या खात्यातून. दर वाढवला नाही म्हणून खर्च झाला नाही असं होत नाही, तो जमिनीखाली उधारीवर लिहिला जातो.

सिंगापूरसारख्या, पैशाची कमी नसलेल्या ठिकाणीही हे झालं. २००० नंतर पाण्याचा दर तसाच ठेवला आणि २०१७ च्या बजेटमध्ये ३० टक्के वाढ जाहीर केली, जुलै २०१७ आणि जुलै २०१८ अशी दोन टप्प्यांत. जिथे लोक सहसा रस्त्यावर येत नाहीत तिथेही निषेधाला लोक जमले. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सूट वाढवून दिली होती, तरीही. मला वाटतं लोकांना टोचलं ते १७ वर्षांचं एकदम आलेलं बिल.

आणि बोलिव्हियातलं कोचाबांबा. वाढतं शहर, पाण्याची टंचाई, मोठ्या धरणाची योजना, आणि त्याचा भार नवीन दरात घालून २००० च्या जानेवारीत बिलं आली. कित्येकांची बिलं एकदम भरमसाट वाढलेली, आणि नवीन पाण्याचा थेंबही अजून आलेला नव्हता. शिवाय लोकांनी आपापल्या पैशांनी खोदलेल्या विहिरी आणि वस्त्यांच्या पाणी समित्यासुद्धा नव्या कायद्याच्या कचाट्यात येणार अशी भीती. शहर पेटलं, माणसं गेली, आणि एप्रिलमध्ये तिथला पाणीपुरवठा चालवणाऱ्या खाजगी कंपनीचा करार रद्द करावा लागला. दरवाढीच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारखीने हे विसरायचं नाही. पाणी आधी की पैसे आधी, हा प्रश्न लोकांच्या पोटाचा आहे, आणि जे धरण अजून बांधायचंय त्याचे पैसे आज नळाला जेमतेम पाणी येणाऱ्या माणसाकडून एका फटक्यात मागणं हा अन्यायच आहे.

ड्रेनेजबद्दल लिहायचं राहतंच नेहमी, बिलातही तो शेवटचा रकाना असतो. सांडपाण्याचा आकार बघून तर लोक जास्तच चिडतात, "पाणी तरी देता, घाण नेण्याचे कसले पैसे". पण सांडपाण्याचा खर्च पाण्यापेक्षा कमी नसतो, बऱ्याचदा जास्तच असतो. घरात येणाऱ्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर जातं असं धरून इंजिनिअर ड्रेनेजचं डिझाइन करतात, म्हणून आकारही पाण्याच्या वापरावरून लावतात, कारण मैलापाण्याला घरोघरी मीटर लावणं व्यवहारात जमत नाही. (ज्यांची स्वतःची बोअर आहे आणि ड्रेनेज मात्र पालिकेचं, त्यांच्याकडून हा आकार बऱ्याच ठिकाणी नीट घेतलाच जात नाही, आणि ती रक्कम लहान नसते.)

पाण्याची लाइन प्रेशरवर चालते, वर चढवता येते, वळवता येते. ड्रेनेज उतारावर चालतं. उतार इतका हवा की पाणी निदान सेकंदाला ०.६ मीटर वेगाने वाहील, नाहीतर मैला खाली बसतो आणि लाइन चोक होते. उतार देत देत लाइन खोल खोल जाते, मग एका ठिकाणी पंप लावून वर उचलायची, मग पुन्हा उतार. गाव जिकडे सखल भागात पसरतं तिकडे असे पंप वाढत जातात आणि प्रत्येक पंपाला वीज, माणूस, जनरेटर. आत साठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचं पाइपच्या छतावर जिवाणूंमुळे गंधकाम्ल होतं आणि ते काँक्रीट खातं, वरून, आतून, कोणाला न दिसता. रस्ता खचतो तेव्हा कळतं. आणि शेवटी मैलाशुद्धीकरण केंद्र, तिथे जिवाणूंना हवा पुरवायला जे ब्लोअर चालतात त्यांना केंद्राच्या एकूण विजेपैकी अर्ध्याच्या आसपास वीज लागते. ते ब्लोअर बंद ठेवले तर बिल एकदम खाली येतं, आणि पाणी बाहेरून तसंच गढूळ-करडं दिसत नदीत जातं, खालच्या गावाला. पैसे नसलेल्या ठिकाणी पहिल्यांदा काय बंद होतं हे मी सांगायला नको.

लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सचा वास इतका असह्य झाला की नदीकाठच्या पार्लमेंटमध्ये बसवेना, तेव्हा कुठे इतकी वर्षं रखडलेलं काम हललं. इंजिनिअर जोसेफ बॅझलगेट यांच्या मलवाहिन्या त्यातून झाल्या. त्या कामाला ३० लाख पाउंडांचं कर्ज काढायची परवानगी मिळाली आणि ते फेडायला घरांच्या करमूल्यावर पाउंडामागे तीन पेन्सांची पट्टी बसवली, ४० वर्षांसाठी. छोटी रक्कम, लांब मुदत, हेतू स्पष्ट. जी पिढी वापरणार तिने फेडायचं. ज्यांनी १८६० मध्ये एकदम सगळे पैसे द्यायचे त्यांच्यावर भार नाही, आणि ज्यांनी १८९० मध्ये फुकट वापरायचं त्यांना फुकटही नाही. मला दराबद्दल एवढा साधा आणि न्याय्य विचार क्वचितच दिसलाय.

नवीन लोकांनीच भरावं, आम्ही इथे आधीपासून आहोत, आम्ही का भरायचं, हे वाक्य प्रत्येक सुनावणीत येतं. यात मी दोन वाटण्या करते. नवीन टाकी, नवीन मुख्य लाइन, केंद्राची वाढीव क्षमता, हे नव्या वाढीमुळे लागतंय तर त्याचा खर्च नव्या जोडण्यांच्या फीमधून यावा, आणि ती फी वेगळ्या खात्यात ठेवून त्याच कामाला वापरावी, एक पैसाही पगाराला नाही. पण पंचवीस वर्षांपूर्वीचा पाइप फुटला तर तो नवीन आलेल्या माणसाच्या फीमधून का बदलायचा? तो जुन्यांनी झिजवलाय. तो पाणीपट्टीतून, सगळ्यांच्या. आणि मोठा पाइप घालताना थोडा पुढचा विचार करायला पैसे जास्त लागतात हेही खरं, तरी पाइपचा व्यास दुप्पट केला तर त्यातून जवळपास सहापट पाणी जातं आणि खोदाई मात्र दुप्पट होत नाही, म्हणून थोडा मोठा घालून ठेवणं शहाणपणाचं. पण फार मोठा घातला तर पाणी पाइपात पडून राहतं, क्लोरीन उडून जातं, आणि ड्रेनेजमध्ये तर वेगच मिळत नाही. किती मोठा हा निर्णय इंजिनिअरचा आहे, बिल्डरचा किंवा नगरसेवकाचा नाही.

गरिबांचं काय, याला मी शेवटी ठेवलं नसतं पण वरच्या सगळ्याशिवाय ते नीट कळत नाही. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला. हक्क आहे म्हणून फुकट, असं त्यात नाही, पण परवडलं पाहिजे हे नक्की आहे. नेहमीची पद्धत म्हणजे स्लॅब, पहिले काही युनिट स्वस्त, पुढचे महाग. ऐकायला छान आहे. पण एका नळावर दहा-बारा माणसं राहत असतील, दोन-तीन बिऱ्हाडं, तर ते वरच्या स्लॅबमध्ये जातात आणि दोन माणसांचा मोठा बंगला खालच्या स्लॅबमध्ये बसतो. दक्षिण आफ्रिकेने दर घराला महिन्याला ६,००० लिटर मोफत देण्याचं धोरण आणलं तेव्हाही मोठ्या कुटुंबांबाबत हीच टीका झाली, कारण ते मोजमाप घराला होतं, माणसाला नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने २०१७ पासून गरीब घरांचं बिल त्यांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात बांधलं. मला ती दिशा जास्त पटते. सगळ्यांचा दर खाली ठेवून गरिबाला मदत होत नाही, कारण स्वस्त दराचा सर्वात मोठा फायदा सर्वात जास्त पाणी वापरणाऱ्याला होतो, आणि ज्याच्या वस्तीत पाइपच पोचला नाही त्याला काहीच मिळत नाही. पैसे नाहीत म्हणून पाइप जात नाही, आणि तो माणूस विकतचं पाणी बादलीने घेतो, नळाच्या कितीतरी पट महाग. दर गोठवून त्याची सोय होते असं मला कोणी म्हटलं की मी गप्प बसू शकत नाही.

आमच्या एका सुनावणीत मी शेवटच्या वर्षी एक कागद मांडला होता. त्यात बिलाचं नवीन रूप होतं. वर जोडणीचा ठरावीक आकार, पण छोटा, कारण तो मोठा केला तर कमी वापरणाऱ्याला मारतो. खाली युनिटचा दर. मग ड्रेनेज वेगळं. आणि त्याखाली चार ओळी, या वर्षी किती पाणी सोडलं, किती पाण्याचं बिल झालं, किती पाइप बदलले, जोडणी फीच्या खात्यात किती पैसे आहेत. आणि दरवाढ दरवर्षी, महागाईएवढी, आपोआप, आणि त्यापेक्षा जास्त हवी असेल तर मात्र जाहीर सुनावणी घेऊनच. वाढ ज्या महिन्यात लागू होणार त्याच्या तीन महिने आधी प्रत्येक घरी पत्र.

तो कागद पुढच्या बैठकीत घेऊ म्हणून बाजूला ठेवला. एका सदस्यांनी विचारलं की ह्या चार ओळी छापल्या तर लोक गळतीचा आकडा बघून आणखी भडकणार नाहीत का. मी म्हणाले भडकतील, पहिल्या वर्षी नक्की भडकतील. पण दुसऱ्या वर्षी तो आकडा दोन टक्क्यांनी खाली आलेला दिसला तर तेच लोक तिसऱ्या वर्षी विचारतील की अजून का नाही उतरला, आणि तो प्रश्न "पैसे जास्त कशाचे" यापेक्षा किती तरी चांगला आहे.

त्या फाइलवाल्या बाई परत कधी आल्या नाहीत. त्यांचा वापर कमीच राहिला होता, मी पुढची दोन वर्षं त्यांचं रीडिंग मुद्दाम बघायचे.